भाच्याचा मान

पिस्टन हातात आला तेव्हा उमेंद्रने तो उजेडात धरून पाहिला. अंगणात बारदाना अंथरून त्याने आरएक्स मोटारसायकलचं इंजिन उघडलं होतं. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते, मांजराने नखं मारावी तसे. रिंगा खाचेतच चिकटून बसल्या होत्या. त्याने ब्लॉकमध्ये बोट फिरवून पाहिलं. तिथेही तेच. सकाळी हीच गाडी एका किकेत सुरू झाली होती. दुपारी ती कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडून घरी आली.

घरापुढच्या छपरीत खाटेवर त्याचा भाचा बसला होता. स्वप्निल, गोंदियाचा, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी मामाच्या गावी आलेला. परतीच्या बससाठी बूट घालून तयार होता आणि मोबाईलवर सकाळचे व्हिडिओ पाहत होता. नवेगावच्या बांधाकडे मामाची गाडी पळवतानाचे.

"तेल टाकलं होतं का?" उमेंद्रने विचारलं.

"कोन्तं तेल?"

"बाटली देली होती ना तुले. सांगतलं होतं, पेट्रोल भरलं का त्यात तेल टाकजो."

या जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा ऑइल पंप बंद होता. तिला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागायचं, नाहीतर इंजिन आतून कोरडं पडून जाम होणार. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

"हौ, ते," स्वप्निल म्हणाला. "तेल टाकलं का लय धूर निघते, मामा. व्हिडिओत आमचं तोंडच दिसत नव्हतं. म्हनून टाकी खाली केली अन् साधं पेट्रोल भरलं."

म्हणजे पोरगा विसरला नव्हता. विसरला असता तर उमेंद्रने राग एखाद वेळी गिळलाही असता. पण याने जाणूनबुजून केलं, तोंड दिसावं म्हणून. उमेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला. पाना हातातच होता.

सुमित्राबाई, त्याची आई, दारात उभी होती. तिने मुलाचा चेहरा पाहिला, मग हात पाहिला.

"भाचा हाय तो, पोरा," ती म्हणाली. "भाच्यावर हात उचलला का म्हातारपनी हात कापतेत. तुह्या बाबाच्या मामाचे कापत होते. पान्याचा पेला धरवत नव्हता त्याले."

जावई दहावा ग्रह म्हणतात. या भागात भाचा अकरावा. वयाने अर्धा असला तरी मामाने त्याच्या पाया पडायचं, तो आला की आणि निघाला की. त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. म्हणून तर उमेंद्रने चावी दिली. सख्ख्या भावालाही त्याने ती कधी दिली नव्हती. दर रविवारी तो स्वतः कार्बोरेटर खोलायचा, प्लग घासायचा आणि एकटाच जंगलाच्या रस्त्याला लागायचा. धानाचा भाव, मिलवाल्याची कटकट, घरातली भांडणं, सगळं त्या फटफटीच्या धुरात मागे पडायचं. आठवड्यात तेवढाच वेळ त्याचा होता.

"बन जाएगी, मामा," मोबाईलवरून मान वर न करता भाचा म्हणाला. "नागपूरले सब मिलते. टेन्शन नका घेऊ. तशी बी भंगारच होती ना?"

उमेंद्रने पाना खाली ठेवला. ठेवायला फार कष्ट पडले.

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. सुमित्राबाईने पदराची गाठ सोडून एक नोट काढली आणि मुलापुढे धरली. पाया पडून भाच्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, असा रिवाज.

"पड पाया," ती म्हणाली. "बहिनीचं पोरगं रिकाम्या हातानं गेलं त त्याची माय दुर्गेश्वरी काय म्हनन?"

स्वप्निल उभा राहिला आणि त्याने पाय थोडे पुढे केले. लहानपणापासूनची सवय होती त्याला.

उमेंद्र वाकला. ग्रीसने काळे झालेले हात त्याने नीट, सावकाश बुटांवर टेकवले. पांढऱ्या बुटांवर दोन काळे पंजे उठले. "अरे, मामा," म्हणत भाचा मागे सरकला. उमेंद्रने नोट घेतलीच नाही. त्याने भाच्याचा तळहात उघडला, त्यावर पिस्टन ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"तुह्या मायले दाखवजो," तो म्हणाला. "म्हनजो, मामानं पाया पडून देलं."

स्वप्निलने आजीकडे पाहिलं. आजीने नोट पुन्हा पदराला बांधली. हॉर्न पुन्हा वाजला. शर्टाला डाग लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून तो फाट्याकडे गेला. वाटेत त्याला पिस्टन फेकताही आला असता, पण त्याने फेकला नाही. आजी पाहत होती म्हणून असेल.

उमेंद्र बारदान्यावर येऊन बसला. उघड्या इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून त्याने रिकामा ब्लॉक तसाच वर बसवला आणि नट लावायला घेतला. नट बसेना. त्याने पुन्हा लावून पाहिला. तो निसटून कचऱ्यात पडला. शोधून काढला, पुसला, आणि पुन्हा निसटला.

"काऊन रे, काय झालं?" सुमित्राबाईने विचारलं.

उमेंद्रने दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

"पाह्य, माय," तो म्हणाला. "मारलं नाई, तरी कापून राहिले."