लहरीचा फोटो

मुलांनो, कल्पना करा: दोन आरशांमध्ये कोंडलेला प्रकाश पदार्थाशी इतका एकजीव झाला, की त्याचे अर्धे प्रकाश, अर्धे पदार्थ असे कण बनले. बडोद्यातल्या प्रयोगशाळेत राजेश्वरी दोन वर्षं त्या कणांच्या लहरीचा फोटो काढायला धडपडत होती. काल तो पुसट उमटला होता. आज पडद्यावर नुसतं पिवळं धुकं.

“बेन, हेलियम दस मिनिट चालशे,” मदतनीस म्हणाला. यंत्र गार ठेवणारं ते हेलियम दहा मिनिटांत संपलं, की प्रयोग कायमचा बंद होणार होता; नवं आणायला पैसे उरले नव्हते.

“अरे, जांभळ्या लेझरमध्ये हे पिवळं चमकतंय तरी काय?” राजेश्वरी रडकुंडीला आली.

सुट्टी म्हणून सोबत आलेल्या तिच्या आठ वर्षांच्या शलाकाने हळूच पिवळं बोट पुढे केलं. “आई, आजोबांनी सकाळी दसऱ्याच्या पूजेत तलवारीला लावली ना, तशी मी तुझ्या लेझरच्या भिंगाला हळद लावली.”