पूर्वेचा फ्लॅट

“स्वयंपाकघरात ऊन किती वाजेपर्यंत असतं?” रसिकानं हिंदीत विचारलं.

“नौ बजे तक, मॅडम,” बिल्डरचा सेल्समन गौरव म्हणाला.

नोएडाच्या पुढे, एक्सप्रेसवेच्या कडेला, उजाड माळावर हा नमुन्याचा फ्लॅट तेवढा उभा होता. मागे मोठा खड्डा आणि दोन क्रेन. चौदा मजली इमारत अजून कागदावरच होती. त्या कागदावरही पूर्वेचा एकच फ्लॅट उरलाय, असं गौरवनं सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

रसिकाला तो फ्लॅट हवा होता. खरंच हवा होता. तिनं ओट्यावरून हात फिरवला, न बघताच खालचा ड्रॉवर ओढला आणि चमच्यांचे कप्पे बघत उभी राहिली. राहत्या घरात तिचा गॅस न्हाणीच्या दाराला लागून होता. डाळ शिजायची ती साबणाच्या वासात. असल्या घरातून आलेल्या बाईला एवढा मोठा ओटा दाखवणं हा तसा छळच.

तिचा नवरा हरीश हॉलमध्ये येरझारा घालत होता. मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होता आणि मधूनच बाल्कनीकडे. तिथे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

मारुतराव नुकतेच सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. काखेत फाइल, पाठ ताठ. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, चपला दाराबाहेर काढल्या होत्या. नमुन्याचं का असेना, घर ते घर.

“हरीश, देव्हारा इथे बसेल बघ,” रसिका जरा मोठ्यानंच म्हणाली.

द्वारकाबाई गर्रकन वळल्या. “अगं बाई! मराठी तुम्ही?”

“हो काकू. मयूर विहारला असतो. हे आयटीत आहेत.”

मग काय विचारता! परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस मन मोकळं करतो. द्वारकाबाई सरळ ओट्याला टेकल्या. माण तालुक्यातलं गाव, छावणीतलं क्वार्टर, ते महिनाअखेर सोडायचंय, मुलगी स्वप्नाली इथेच दवाखान्यात नर्स आहे, सगळं पाच मिनिटांत सांगून झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

“ह्यांना घाई झालीय बघ. रिटायरमेंटचा सगळा पैसा ह्यात घालायचा म्हणतात. परत कुठून यायचा तो? आणि इमारत तर कुठं दिसतच नाही. माझं मन काही घेत नाही. तुम्ही शिकलेली माणसं. तूच सांग पोरी, घ्यावा का?”

नवे सँडल रसिकाला सकाळपासून चावत होते, तिनं पाय बदलला. हरीश येरझारा थांबवून तिच्याकडेच बघत होता.

“ह्यांनी कागद बघितलेत काकू,” ती म्हणाली. “सगळं चोख आहे. आम्ही तर आज ठरवूनच आलोय.”

द्वारकाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. तिच्या हाताकडे पाहिलं. तो अजून ड्रॉवरवरच होता.

“तुझा जीव जडलाय गं ह्या घरावर,” त्या म्हणाल्या. “मग तूच घे. आम्हा म्हाताऱ्यांना काय, पश्चिमेचासुद्धा चालंल. मी सांगते ह्यांना.”

रसिकाला एकदम भरून आलं. इतकं मायेनं तिला दिल्लीत कुणी काही देऊ केलं नव्हतं. त्या एका क्षणी तिला वाटलं, हो म्हणावं, ह्या दोघांना हाताला धरून बाहेर न्यावं आणि रिक्षात बसवून द्यावं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात हरीश पुढे आला.

“गौरवजी, चेक किस नाम से काटूँ?” त्यानं खिशातून चेकबुक काढलं होतं.

“थांबा!” बाल्कनीतून मारुतरावांचा आवाज आला. “आधी आम्ही आलोय.”

“अहो, त्या पोरीला घेऊ द्या की,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“तू मध्ये बोलू नकोस. बर्फात उभा राहिलो ते काय दुसऱ्याला घर द्यायला? हा हातचा गेला तर जन्मभर भाड्याच्या घरांतून ट्रंका हलवत बसणार आहेस?”

त्यांनी फाइल उघडली, चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच चेकवर सही केली. गौरवनं पेढ्यांचा डबा फिरवला. मारुतरावांचा चेहरा उजळला होता. त्यांनी हरीशशी हात मिळवला आणि म्हणाले, “माफ करा हं, साहेब.”

“चलता है, काका,” हरीश म्हणाला.

निघताना द्वारकाबाई रसिकापाशी आल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ते आपल्या पदरानं टिपलं.

“रागवू नकोस, बाळा. वास्तुशांतीला पहिलं जेवण तुम्हा दोघांचं. नंबर दे तुझा.”

रसिकानं नंबर सांगितला. शेवटचा आकडा सांगताना ती अडखळली.

त्या दोघांना घेऊन टॅक्सी धूळ उडवत मेन रोडला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत रसिका खिडकीत उभी होती. मग तिनं ड्रॉवर बंद केला, सँडल काढून हातात घेतले.

“चल,” हरीश म्हणाला. “बस चुकेल.”

टॅक्सीला हात करून गौरव परत आला. त्यानं खिशातून एक पाकीट काढलं आणि हरीशच्या हातात ठेवलं.

“बहुत बढ़िया किया आप दोनों ने. लेकिन अगले संडे मत आना. पार्टी बंगाली है, उनके लिए बंगाली जोड़ी बुलाई है.”