सखूमावशीला मारलेली हाक

हणमंतने आईच्या औषधांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी केली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, गुडघ्याच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी पित्त होतं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या, चक्कर येते म्हणून तिसऱ्यांनी दिलेल्या. त्याने एकही कधी चुकवली नव्हती. दुर्गदबैलाच्या बाजारातलं कापडाचं दुकान सांभाळून आईचं एवढं करतो, म्हणून कमरीपेठेत सगळे त्याचं कौतुक करत.

“आणि ही झोपेची कुणी दिली?” धारवाडच्या डॉक्टरांनी विचारलं.

हणमंतने मान खाली घातली. ती त्यानेच ओळखीच्या औषधवाल्याकडून आणली होती. आई भ्रमिष्ट झाली होती. मुलाला ओळखत नव्हती. गोळ्या भरवायला बसलं की मेलेल्या बहिणीला, सखूमावशीला, हाका मारायची. जीभ जड झाल्यामुळे नावही धड निघत नसे. “साक... साक...” एवढंच. ते त्याला ऐकवत नव्हतं.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. काही गोळ्या त्यांनी बंद केल्या, काही हळूहळू कमी करायला सांगितल्या. वयाला दोष देण्याआधी एवढं करून बघू, म्हणाले.

महिना-दीड महिन्याने एका सकाळी आईने, मथुराबाईंनी, सुनेला चहात साखर कमी पडल्याचं सुनावलं, आणि सुनेला रडूच फुटलं. निरोप मिळताच हणमंत दुकान टाकून धावत आला. आईने त्याला नावाने हाक मारली. वाळलास की रे, म्हणाली.

आनंदाच्या भरात तो बोलून गेला, सखूमावशीची फार आठवण काढायचीस.

“सखूची? नाही रे. मी ‘साक’ म्हणत होते. पुरे, पुरे.”

“कानडीत? माझ्याशी?” घरात तिने त्याच्याशी जन्मात कधी कानडी शब्द काढला नव्हता.

“कुणी परका माणूस समोर बसलाय असं वाटायचं. परक्याला मराठी कसं कळणार?”

हणमंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळ्या नको होत्या तर थुंकून टाकायच्या होत्यास, तो म्हणाला.

“कोण होता देव जाणे,” आई म्हणाली, “पण इतक्या मायेनं भरवायचा, त्याचं मन कसं मोडू?”