पद संपल्यावर
पद संपवून माझे यजमान रंगमंचावर उभे राहिले. पूर्वी या पदाला ‘वन्स मोअर’चा गजर व्हायचा, पुन्हा गायल्याशिवाय लोक नाटक पुढे जाऊ देत नसत. आज दुपारच्या प्रयोगाला सगळे मोबाइल उंचावून गप्प चित्रण करत होते. हे मात्र सवयीनं थांबलेच.

शेजारची मुलगी कुजबुजली, “आजी, हे आजोबा वाक्य विसरले का हो?”

माझं सोमवारचं मौन होतं, दिवेलागणीपर्यंत. लग्नापासून ते कधी मोडलं नव्हतं. तरी मी उठून ओरडले, “वन्स मोअर!”

यांनी माझा आवाज ओळखला. पेटीवाल्यानं सूर धरला, तर हातानंच त्याला थांबवलं.

“दम नाही उरला हो,” ते थकल्यासारखं हसले. “आता घरीच ऐकवीन.”

प्रेक्षक खळखळून हसले. त्यांना तो नाटकातलाच विनोद वाटला.