बारीक व्हॉल्व्ह

एकाच आठवड्यात समर लेकीच्या सायकलचं चाक घेऊन इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या सायकलच्या दुकानात तिसऱ्यांदा उभा होता. सोमवारी नेलेली ट्यूब जाड व्हॉल्व्हची निघाली, रिमच्या भोकातून जाईचना. ती बदलून बारीक व्हॉल्व्हची नेली, अगदी बरोबर बसली. तरी पुढचे दोन्ही दिवस सकाळी चाकातली हवा गेलेली, आणि ईशिता नागपूरहून आलेल्या आजोबांबरोबर चालत शाळेला.

दुकानदारानं ट्यूब फुगवून पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही.

"पंक्चर नाहीच. या व्हॉल्व्हच्या टोकाला छोटा नट असतो. तो कुणीतरी बोटांनी सैल करून हवा सोडतंय."

समरनं चाक उचललं. सायकल तर घरातच असते. म्हणजे हवा ईशिताच सोडते. पोरगी शाळेला घाबरते की काय? नवी शाळा, मोठी मुलं. घरी येताच त्यानं तिला जवळ बसवलं.

"खरं सांग बाळा, शाळेत कोण त्रास देतंय?"

"कोणीच नाही. शाळा मस्त आहे, बाबा." ईशितानं मान खाली घातली. "पण सायकल असली की आजोबा येत नाही. तो चालताना कीर्तन करतो, मध्येच गातो पण. आणि गेट आला की स्टोरी थांबवतो."

"मग?"

"मग काय. राजा अजून विहिरीतच आहे, आणि आजोबाचा फ्लाइट संडेला आहे."