कारवीतलं पानपाखरू

तिसऱ्या दिवशीही दहा वाजेपर्यंत काहीच दिसलं नाही.

दिवाळी होऊन पंधरवडा उलटला होता. उतारावरचं गवत पिवळं पडलं होतं. खाली सातपूरच्या कारखान्यांचा धूर सरळ वर चढत होता. विठाबाई पगारे कारवीच्या एकेका झुडपापाशी थांबायच्या, वाकून पाहायच्या आणि पुढे सरकायच्या. त्यांच्या मागे सरकारी खात्यातले निकमसाहेब, हातात वही घेऊन. सगळ्यात मागे वाडीतला केरू.

विठाबाई डोंगरापायथ्याच्या वाडीत शाळा चालवायच्या. गेली नऊ वर्षं सुट्टीच्या दिवशीही शहरातून बसने यायच्या आणि या उतारावर फुलपाखरं पाहत हिंडायच्या. बावन्न जातींची नोंद त्यांच्याकडे होती. त्यातलं एक फार क्वचित दिसायचं. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, उघडले की गर्द निळं, वर नारिंगी पट्टा. शाळेतल्या पोरांनी त्याला पानपाखरू नाव दिलं होतं.

त्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, हा उतार खडीच्या खाणीला द्यायचं घाटत होतं. सुरुंग लागले असते तर खालचा झरा आटला असता, आणि वाडीतली तीस घरं त्याच झऱ्यावर जगत होती. विठाबाईंनी अर्जावर अर्ज केले. झऱ्यासाठी कोणी हललं नाही. पानपाखराच्या अर्जाला मात्र उत्तर आलं. असा दुर्मीळ जीव तिथे खरोखर असेल तर खाण थांबवता येईल, पाहणीला माणूस पाठवतो आहोत.

तो माणूस म्हणजे निकम. ऑक्टोबरात ते पहिल्यांदा आले ते खाणवाल्याच्या जीपमधून. त्याच्याकडचा चहा प्यायले. मग विठाबाईंना कोरडेपणाने विचारलं, की या पाखराची अळी कशावर वाढते. बाईंनी कारवी दाखवली. निकम एकटेच बराच वेळ कारवीत फिरले, चार फांद्या तोडून पिशवीत घातल्या आणि पाहणीसाठी नोव्हेंबरातली तारीख दिली.

तोवर हंगाम सरेल, याच आठवड्यात पाहणी करा, म्हणून बाईंनी परोपरीने विनवलं.

"तारीख बदलणार नाही," निकम म्हणाले. "तीन दिवस देतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं तरच लिहीन."

साहेब खाणवाल्याला मिळालेला आहे, याबद्दल वाडीत कोणालाच शंका उरली नाही. विठाबाईंनाही नाही.

पहिल्या दिवशी चार पिवळी फुलपाखरं आणि पंख फाटलेलं एक तांबडं दिसलं. निकमांनी ते लिहूनही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून राहिलं आणि एकही पंख हलला नाही. आज ऊन होतं, पण त्यात जोर नव्हता.

निकमांनी पिशवी खांद्याला लावली, झऱ्यावर पाणी पिऊन येतो म्हणाले आणि वळणाआड गेले. बाई दगडावर बसल्या. त्यांचे पाय भरून आले होते.

"बाई, आता नाय दिसायचं," केरू हळूच म्हणाला. "सायबाला ठावं हाय. म्हनून तर ही तारीख दिली त्यानं."

पंधरा मिनिटांनी निकम परतले. एवढा वळणापलीकडचा तुकडा बघून घ्या म्हणजे मी मोकळा, असं त्यांनी घड्याळाकडे पाहत सांगितलं.

बाई उठल्या. वळणापलीकडची कारवी दाट होती. एक झुडूप, दुसरं, तिसरं. सातव्या की आठव्या झुडपापाशी त्या थबकल्या. फांदीला एक वाळकं पान लोंबत होतं. मधली शीर, कडेला बुरशीसारखा ठिपका. तसली पानं शेकड्यांनी होती. पण या पानाला पाय होते.

त्यांनी हात वर करून मागच्यांना थांबवलं.

"ते बघा, साहेब."

निकम जवळ आले. "मला पान दिसतंय."

"पान नाही ते."

"पंख उघडल्याशिवाय मी लिहिणार नाही. बाराला मी निघेन."

तिघं उभी राहिली. अकरा वाजले. साडेअकरा. झाडांची सावली हळूहळू मागे हटली आणि उन्हाची तिरीप त्या फांदीवर पडली. पान थरथरलं. मग ते उघडलं.

निळं. पावसाळ्यातही विठाबाईंनी इतकं कोरं, इतकं गर्द निळं पाहिलं नव्हतं. कुठे ओरखडा नाही, कुठे चीर नाही. दोनदा पंख मिटून उघडून ते उडालं, त्यांच्या डोक्यावरून एक गिरकी घेऊन उतारावर गेलं.

निकमांनी वही उघडली, उभ्यानेच पाच ओळी लिहिल्या, सही केली आणि वही बाईंपुढे धरली. 'दुर्मीळ जात प्रत्यक्ष पाहिली. खाणीस परवानगी देऊ नये.' बाईंनी ते दोनदा वाचलं. आभार मानायला मान वर केली तोवर साहेब उतरायलाही लागले होते.

मग अठ्ठेचाळीस वर्षांच्या विठाबाई पदर खोचून त्या उतारावरून पळत सुटल्या. झऱ्यावर बाया होत्या. बाईंचा चेहरा पाहूनच त्यांना कळलं. कोणी हंडा तसाच टाकून मिठी मारली, कोणी ओंजळीने पाणी उडवलं. केरूने वाडीभर ओरडून सांगितलं, की बाईंनी सायबाला हरवलं. त्या दिवशी शाळा भरलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आपण सरकारशी भांडून जिंकलो, असं बाईंना वाटत होतं, आणि ते वाटणं त्यांनी मनसोक्त भोगलं.

निकम दुपारी घरी पोचले. दार त्यांच्या बायकोने, सखुबाईंनी, जेमतेम वीतभर उघडलं आणि त्यांना आत घेऊन लगेच लावून टाकलं.

"लवकर या आत," त्या म्हणाल्या. "तुम्ही एक घेऊन गेलात आणि मागे आणखी चार कोश फुटले, सगळं स्वयंपाकघर निळं झालंय."