दाराला लावलेला दगड

शेवटच्या बोअरमधूनही नुसता काळा खडक निघाला, तेव्हा भूवैज्ञानिकाने सामान आवरलं. तांब्यासाठी समोरचा डोंगर पोखरणारी ही तिसरी कंपनी, आणि तिन्हींची माणसं या घरच्या मावशींकडे जेवली. “डोंगराने तुम्हालाही हात हलवत पाठवलं म्हणायचं,” मावशी हसल्या. त्यांनी नुकतीच फरशी पुसली होती. दाराला लावलेला दगड ओला होऊन हिरवागार चमकत होता. रोज हाच धुळकट दगड पायाने सरकवणारा तो खाली वाकून बघू लागला. “हा कुठला?” “मोरीसाठी खणताना निघाला. घराखाली सगळा असलाच आहे.” हा हिरवा रंग तांब्याचाच. तांबं इथे होतं. कंपनीला कळलं तर घर गेलं. “आवडला? घेऊन जा आठवण म्हणून. दाराला दुसरा लावीन.” मावशींनी तो पुसून हातात दिला. जीपमध्ये बसताच त्याने साहेबांना फोन लावला. “सापडलं.” मागे वाऱ्याने दार धाडकन आपटलं.